अंतराळात फुटबॉल खेळायचा तर अंगावर काय घालायचे?

घरातल्या मुलांना एक कोडे घाला. अंतराळात फुटबॉलचा सामना आहे, संघ तुमचा आहे. जर्सी, चड्डी, मोजे, बूट, गोलकीपरचे हातमोजे, सगळे तुम्हीच ठरवायचे. कागद-पेन्सिल घ्या आणि पोशाख काढून दाखवा.

बहुतेक मुले आधी मोठे हेल्मेट काढतील, पाठीवर टाकी लावतील, छातीवर दहा नंबर लिहितील. मग प्रश्न सुरू होतील. तिथे घाम येतो का? बुटाला खिळे लागतात का? चेंडू खाली पडतो का? या प्रश्नांसाठीच हे कोडे आरोग्याच्या पानावर घेतले आहे. अंगाला कपडा शिवायचा तर आधी अंग कसे चालते ते कळावे लागते. हाड कशाने मजबूत होते, घाम कशासाठी येतो, पाय बुटात कसा बसावा, हे मुलांना औषधाच्या पत्रकापेक्षा या खेळातून लवकर कळेल.

तिथे खरेच कुणी फुटबॉल खेळले आहे का?

होय. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरते आहे. तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने ते दिवसभरात जवळजवळ सोळा वेळा पृथ्वीला प्रदक्षिणा घालते. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी तिथे असलेल्या अमेरिकेच्या व जर्मनीच्या अंतराळवीरांनी आत फुटबॉल खेळून त्याचे चित्रण खाली पाठवले होते. कुणी हवेत उलटी कोलांटी घेऊन चेंडू मारत होता, तर कुणी आडवा तरंगत तो अडवत होता.

एका फुटबॉलची गोष्ट मात्र दुःखाची आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले आणि आतील सातही जण मरण पावले. त्यांच्यातील एलिसन ओनिझुका यांनी मुलीच्या शाळेच्या संघाने सह्या केलेला फुटबॉल सोबत नेला होता. अवशेषांमध्ये तो चेंडू सापडला आणि ह्यूस्टनजवळच्या त्या शाळेने तो जपून ठेवला. तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, शेन किम्ब्रो या अंतराळवीराने तोच चेंडू स्थानकावर नेला. अर्धवट राहिलेला प्रवास अखेर पुरा झाला.

वजन नसले की शरीराचे काय होते?

जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो आणि क्षणभर अंग हलके वाटते. अंतराळ स्थानकात तसेच, पण अखंड चालू असते. पृथ्वीची ओढ तिथे संपलेली नसते. स्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असते आणि आतली माणसेही त्याच्याबरोबर पडत असतात. त्यामुळे कुणाच्या पायावर भार येत नाही.

पायावर भार नसला की आराम वाटेल, पण हाडांना तो आराम मानवत नाही. आपले हाड दगडासारखे निर्जीव नसते. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरते. चालताना, धावताना, उडी मारताना त्यावर दाब येतो, आणि त्या दाबामुळेच शरीराला कळते की इथे भर घालायची आहे. दाब थांबला की भर घालणे मंदावते. अंतराळात पुरेसा व्यायाम केला नाही तर कंबर व मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होते. म्हातारपणी आपल्याकडे वर्षभरात होते साधारण तेवढी झीज तिथे महिन्याभरात होते. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायूही बारीक होतात.

म्हणून तिथे प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. धावण्याच्या पट्ट्यावर उभे राहायचे तर खांद्याला व कमरेला ताणाचे पट्टे बांधतात आणि ते अंगाला खाली ओढून धरतात. असे पट्टे बांधूनच सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये स्थानकात बॉस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांना ४ तास २४ मिनिटे लागली. मार्च २०२५ मध्ये नऊ महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेताना आपण टीव्हीवर पाहिले. आजारी पडल्या म्हणून हे केलेले नव्हते. दीर्घ मुक्कामाहून परतलेल्यांची सुरुवातीला अशीच काळजी घेतात, कारण शरीराला वजन पेलण्याची आणि तोल सांभाळण्याची सवय पुन्हा लावावी लागते.

आणखी काही बदल मुलांना सांगा. अंगातले पाणी पायांकडून डोक्याकडे सरकते. चेहरा सुजल्यासारखा होतो, पाय काटकुळे दिसतात. पाठीचे मणके थोडे मोकळे होतात आणि उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पाच फुटांचा माणूस जवळजवळ दोन इंचांनी उंच होतो! आता विचारा, जर्सी कुठल्या मापाची शिवणार?

जर्सी आणि घाम

आपल्याकडे धावताना घाम अंगावरून ओघळतो, काही टपकतो, काही वाऱ्यावर सुकतो. सुकताना तो अंगातील उष्णता सोबत घेऊन जातो. घामाचे खरे काम तेच आहे, अंग थंड ठेवणे. शिवाय अंगाजवळची गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते.

अंतराळात यातले काहीच आपोआप होत नाही. घाम टपकत नाही. त्याचा पातळ थर कातडीला चिकटून राहतो आणि वाढत जातो. गरम हवाही वर जात नाही, कारण वजनच नाही तर हलके-जड कुठले? श्वासातून बाहेर पडलेली हवासुद्धा तोंडाभोवतीच साचू शकते. म्हणून स्थानकात पंखे सतत चालू ठेवावे लागतात आणि व्यायाम करणाऱ्याला टॉवेलने घाम टिपत राहावे लागते. हवेत मिसळलेली घामाची वाफ आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात आणतात. २०२३ मध्ये तिथले ९८ टक्के पाणी असे परत मिळवण्यात यश आले.

कपडे धुण्याची सोय मात्र तिथे नाही. व्यायामाचे कपडे काही दिवस घालून टाकून द्यावे लागतात. तेव्हा मुलांच्या जर्सीला तीन अटी लागल्या. तिने घाम शोषावा, ती लवकर वाळावी आणि अनेक दिवस घातली तरी वास येऊ नये. चौथी अट आगीची. बंद जागेत आग लागली तर पळायला वाट नाही, म्हणून चटकन पेट घेणारे कापड चालणार नाही.

स्थानकातल्या सामन्यात वर-खाली असे काही नसते. एक खेळाडू आपल्याला उलटा दिसेल, दुसरा आडवा. पाठीवरचा नंबर सगळ्यांना कसा वाचता येईल? नंबर बाहीवर, पोटरीवर, चड्डीवर, सगळीकडे छापावा लागेल. हे उत्तर मूल स्वतः शोधून काढील. आधी सांगू नका.

बुटाचे कोडे

जमिनीवर बुटाचे खिळे मातीत रुतून पाय घसरू देत नाहीत. तरंगताना जमीनच नाही, मग खिळे कशासाठी? ते उलट दुसऱ्याला लागतील. आणखी एक गंमत आहे. चेंडूला लाथ मारली की चेंडू पुढे जातो आणि मारणारा मागे ढकलला जातो. जमिनीवर पायाची पकड ही ढकल पचवते. तिथे कुठेतरी धरून राहावे लागेल. फुगा फुगवून न बांधता सोडला की हवा एका बाजूला जाते आणि फुगा दुसऱ्या बाजूला पळतो. मुलांना तेवढे दाखवले तरी पुरे.

अंतराळवीर स्थिर राहण्यासाठी पायाचा वरचा भाग दांड्याखाली अडकवतात. त्यामुळे काही आठवड्यांत तळव्याची जाड कातडी मऊ पडून निघून जाते आणि पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात. म्हणजे अंतराळातल्या बुटाला गादी तळाला नको, वरच्या बाजूला हवी.

चंद्रावर सामना घेतला तर?

चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक-षष्ठांश असते. तीस किलोचे मूल तिथल्या काट्यावर पाच किलो भरेल. पण श्वासाला हवा नाही. दिवसा तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री उणे १३० अंशांच्याही खाली जाते. बाहेर खेळायचे तर पूर्ण अंतराळ-पोशाख घालावाच लागेल. आजचा अंतराळ-पोशाख म्हणजे अंगावर घातलेले छोटे यानच. त्याला चौदा थर असतात. आतल्या कपड्यात सुमारे ९० मीटर लांबीच्या बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरते, कारण बंद पोशाखात घाम सुकणार कुठे? पिण्याच्या पाण्याची पिशवी आत असते आणि शौचालय नसल्यामुळे मोठ्यांचे डायपरही असते.

अशा पोशाखात खेळणे किती अवघड असते? ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अॅलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. पोशाख इतका ताठ होता की त्यांना दोन्ही हातांनी काठी धरता येईना. एका हाताने मारलेला चेंडू मैलोन्‌मैल गेला असे त्यांनी गमतीने सांगितले. पुढे छायाचित्रांवरून मोजले तेव्हा दूरचा चेंडू सुमारे ४० यार्ड गेल्याचे दिसले. पोशाखच आडवा आला की चंद्रावरचे कमी वजनही खेळाडूच्या कामी येत नाही.

आणि चेंडू? हवा नाही म्हणजे चेंडू हवेत वळणार नाही. इथे फिरकी देऊन भिंतीवरून वळवून मारलेली फ्रीकिक तिथे सरळच जाईल.

माप कोणाचे घेतले?

१९८३ मध्ये सॅली राईड अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. आठवड्याभराच्या प्रवासासाठी मासिक पाळीत वापरायचे १०० टॅम्पॉन पुरतील का, असे तिला अभियंत्यांनी विचारले होते. यान अवकाशात नेण्याचे गणित जमवणाऱ्या हुशार माणसांना पाळीचे साधे गणित माहीत नव्हते, कारण त्यांनी कोणा बाईला कधी विचारलेच नव्हते.

मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रिया मिळून स्थानकाबाहेर काम करणार होत्या. दोघींनाही मध्यम मापाचा छातीचा भाग बसत होता, पण तयार होता एकच. बेत बदलावा लागला आणि एकीच्या जागी पुरुष अंतराळवीर गेला. अखेर १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कोच व जेसिका मायर या दोघी बाहेर पडल्या. अंगात बळ होते, शिक्षण होते, धैर्य होते. अडले ते मापावर.

मैदानावरही हेच घडते. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने २०२३ मध्ये पांढऱ्या चड्डीऐवजी निळी घेतली, कारण पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यात खेळाडूंचे लक्ष खेळाऐवजी डागाकडे लागत होते. डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना फिफाने २०१४ मध्ये रुमालासह खेळण्याची मुभा दिली. पोशाखात एवढासा बदल केला आणि मैदानाबाहेर राहिलेल्या मुली आत आल्या.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्या कामावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला. मैदान, चेंडू आणि विश्वास दिला तर वस्तीतले मूल काय करू शकते, हे त्यात दिसले. पण किती घरांत मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचा खेळ बंद होतो? कारण विचारले तर कपड्याचे निघते. लोक काय म्हणतील, पाळी आली तर काय, भावाचे जुने बूट बसत नाहीत. वयाच्या अठरा वर्षांपर्यंत मुलीच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा तयार झालेला असतो. मुलांमध्ये तो विसाव्या वर्षापर्यंत होतो. ज्या वयात हाडांची तिजोरी भरायची, नेमक्या त्याच वयात आपण मुलीला घरात बसवतो. अंतराळवीराला वजन नसल्यामुळे जे नुकसान सोसावे लागते, त्यातले थोडे आपण तिला जमिनीवर राहूनच सोसायला लावतो.

मुलांकडून करून घ्या

रविवारी विहारासमोरच्या पटांगणात किंवा घराच्या ओट्यावर हे चार प्रयोग होतील. खर्च काही नाही.

१. सुती, टेरिकॉट आणि खेळाच्या जर्सीचे सारख्या मापाचे तुकडे घ्या. प्रत्येकावर दोन-दोन चमचे पाणी ओता आणि सावलीत वाळत टाका. आधी कोणता वाळला, पाणी कोणी जास्त धरले, ते लिहून ठेवा.

२. सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपताना भिंतीला टाच लावून उंची मोजा. सकाळची उंची थोडी जास्त भरेल. रात्रभर आडवे पडल्याने मणक्यांवरचा भार उतरतो. अंतराळात हेच जास्त प्रमाणात होते.

३. हातात दोन-तीन जाड मोजे घालून बुटाची नाडी बांधायला सांगा. अंतराळवीराचे हातमोजे कसे असतील याची कल्पना येईल.

४. संध्याकाळी कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढा. संध्याकाळी पाऊल किंचित फुगलेले असते, म्हणून बुटाचे माप तेव्हाच घ्यावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे.

मग पोशाख काढू द्या. मुलगे आणि मुली मिसळून गट करा. प्रत्येक गटाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ‘हा पोशाख कोणाला बसणार नाही?’ चष्मा लावणाऱ्याला, कुबडी घेणाऱ्याला, पाळी चालू असलेल्या मुलीला, अंगाने भरलेल्या मुलाला बसेल का? न बसणाऱ्यांसाठी काय बदलायचे ते त्याच कागदावर लिहावे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

*रोज एक तास खेळ.* पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दम लागेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी धावणे, उड्या मारणे, दोरीवरच्या उड्या असे हाडांवर भार देणारे खेळ असावेत. मुलींसाठीही हाच नियम आहे.

*पायात काहीतरी हवेच.* १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघातील बहुतेक जण अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २-१ ने हरले. अनवाणी खेळण्यात लाज नाही, पण धोका आहे. उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत आकडेकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी तळव्यातून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. साधी पण नीट बसणारी चप्पल-बूट हा रक्तक्षयावरचाही उपाय आहे. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. दहा आणि सोळा वर्षांच्या वयातील धनुर्वात-घटसर्पाची लस द्या. खिळा, पत्रा, काच लागली तर जखम साबण-पाण्याने धुऊन दवाखान्यात जा.

*रक्त आणि हाड ताटातून.* देशात १५ ते १९ वयाच्या दहापैकी जवळजवळ सहा मुलींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. धावताना लवकर धाप लागणे, चक्कर येणे, फिकटपणा यांना आळस समजू नका. रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी जेवणानंतर घ्यावी. पालेभाज्या, कडधान्ये, अंडी, मांस-मासे यांबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, चहा मात्र जेवणाबरोबर टाळावा. हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध आणि अंगाला ऊन हवे. स्थानकात ऊन अंगाला लागत नाही म्हणून अंतराळवीरांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्याला ऊन फुकट मिळते.

*उन्हाळ्यात वेळ पाळा.* दुपारच्या उन्हात सामने ठेवू नका. सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला, खेळाआधी आणि मधून मधून पाणी प्या. खूप घाम गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे द्या. मूल बरळू लागले, उलट्या झाल्या, अंग तापले तर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने पुसा, वारा घाला आणि वेळ न घालवता दवाखान्यात न्या. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

*मुलीचा पोशाख तिला विचारून घ्या.* गडद रंगाची, गुडघ्यापर्यंतची चड्डी, लागलीच तर आत लेगिंग्ज, बेताची घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि तिच्या मापाचे बूट. पाळीत खेळायला हरकत नाही. पोट फार दुखले किंवा रक्तस्राव जास्त असेल तर विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. मैदानाजवळ पॅड बदलण्यासाठी कडी लागणारी जागा, पाणी आणि झाकणाचा डबा असेल, हे मंडळातील मोठ्या माणसांनी पाहावे.

मुलांचे कागद पूर्ण झाले की भिंतीवर लावा आणि आई-वडिलांना बोलावून मुलांना ते समजावून सांगू द्या. बूट-जर्सीसाठी वर्गणी गोळा कराल तेव्हा तेच कागद समोर ठेवा आणि पहिली मापे मुलींची घ्या.